१२ मीटरच्या शिडाच्या बोटीची चाचणी : वेग किती, झोप किती

४ नोव्हेंबर. कागद

मालकाने बोट काही आठवडे वापरून बघायला दिली आहे. घ्यायची की नाही ते नंतर ठरवू. बोट परफॉर्मन्स क्रूझर जातीची आहे, म्हणजे शर्यतीतही मान खाली घालावी लागणार नाही आणि आत संसारही मांडता येईल, असा दावा. तपासणारे आम्ही तिघं. मेव्हण्याला वेग हवा, बायकोला बोट लागते (मळमळतं), आणि वही माझ्याकडे.

माहितीपत्रकातले आकडे: लांबी १२.१ मीटर, पाण्यावरची लांबी १०.७ मीटर, रुंदी ३.८५ मीटर, वजन ७,६०० किलो, शिडं ८६ चौरस मीटर. यावरून नेहमीची गुणोत्तरं काढली. शीड-वजन गुणोत्तर २२.६ आलं. साध्या क्रूझरचं १५-१६ च्या आसपास असतं, म्हणजे ही बरीच तडफदार. वजन-लांबी गुणोत्तर १७३. २०० च्या खाली बोट हलकी धरतात. पाण्यावरच्या लांबीवरून येणारी वेगाची मर्यादा ७.९ नॉट (तासाला ७.९ सागरी मैल).

मेव्हणा खूश. पण माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. त्यात पाणी नाही, डिझेल नाही, माणसं नाहीत. अशी बोट घेऊन कोणी कुठे जात नाही.

७ नोव्हेंबर. भरलेली बोट

आज सगळं सामान मोजून यादी केली. पाणी ४०० लिटर म्हणजे ४०० किलो. डिझेल २०० लिटर, साधारण १७० किलो. नांगराची १० मिलिमीटरची साखळी ६० मीटर आहे, ती मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे एकटी साखळीच १३५ किलो, आणि तीही अगदी पुढच्या टोकाला. मग माणसं, छोटी होडी आणि तिचं इंजिन, जादा बॅटऱ्या, अवजारं, शिधा. बेरीज १,५०० किलोच्या पुढेमागे.

९,१०० किलो धरून पुन्हा गणित केलं. शीड-वजन २२.६ वरून २०.१. वजन-लांबी १७३ वरून २०७. तडफदार बोट मध्यम झाली. अशी बोट बघायला जाणाऱ्याने दुसरं काही नाही केलं तरी हे गणित करावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

गंमत पुढे आहे. डोलण्याच्या सुखासाठी टेड ब्रूअर या रचनाकाराचं एक सूत्र वापरतात. त्यात आकडा जितका मोठा तितकी बोट सौम्य. रिकाम्या बोटीला २४ आले, भरलेलीला २८.८. उलटण्याच्या धोक्याचं सूत्र १९७९ च्या फास्टनेट शर्यतीनंतर आलं. त्या वादळात शर्यतीतले १५ जण दगावले होते. या सूत्रात २ च्या खाली आकडा हवा. रिकामी १.९७, भरलेली १.८६. म्हणजे सामान कोंबलं की बोट सुखकरही होते आणि सुरक्षितही! दोन्ही सूत्रांना फक्त लांबी, रुंदी, वजन कळतं. ते वजन कीलमध्ये (तळाखालच्या जड पात्यात) आहे की छपरावर बांधलंय, हे त्यांना कळत नाही. तेव्हा या दोन आकड्यांवर विसंबून निर्णय घेऊ नका. बोट किती अंशांपर्यंत कलून स्वतः सरळ होते तो कोन आणि स्थिरतेचा आलेख मागून घ्या. आम्ही मागितलाय.

आणखी एक. बोट 'रिकामी' आहे असं मालक म्हणाला, तरी ती रंगाच्या रेषेपेक्षा तीन सेंटीमीटर खाली बसलेली दिसते. पाण्याच्या पातळीवरच्या क्षेत्रफळाचा अंदाज घेतला तर या बोटीला एक सेंटीमीटर बुडवायला सुमारे २३० किलो लागतात. म्हणजे पाऊणेक टन कुठेतरी दडलेलं आहे. लॉकर उपसायला घेतले. दोन जुनी शिडं, गंजलेला जादा नांगर, आणि कुणालाच ओळखू न आलेला एक पंप निघाला.

१० नोव्हेंबर. धक्क्यावर डोलण्याची चाचणी

बोट धक्क्याला असताना कडेला उभं राहून लयीत दाबायचं, डोलायला लागली की सोडून द्यायचं आणि दहा पूर्ण झोके मोजायचे. सकाळचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले. दोर ताणलेले होते, त्यामुळे बोट मोकळी डोलतच नव्हती. दोर ढिले केले तरी वेळ पुढेमागे होत राहिला. कारण नंतर सापडलं: टाक्या अर्ध्या भरलेल्या होत्या आणि आतलं पाणी उलट्या तालात हिंदकळत होतं. टाक्या काठोकाठ भरल्या, मग आकडा स्थिर झाला. दहा झोक्यांना २९ सेकंद, म्हणजे एक झोका २.९ सेकंदांचा.

रुंदीला ०.८ ने गुणायचं, झोक्याच्या वेळेने भागायचं, वर्ग करायचा. मेटासेंटरची उंची, म्हणजे बोट किती जोराने सरळ होते त्याचं माप, मीटरमध्ये मिळते. आमची १.१ मीटर आली. अर्थ असा की बोट ताठ आहे. वाऱ्यात शीड पेलेल, पण बाजूच्या लाटेत झटकन सरळ होईल, आणि तो झटका आत उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला बसेल. सुकाणूवरच्या माणसाला हा ताठपणा आवडतो, शेगडीपाशी उभ्या असलेल्याला नाही.

१४ नोव्हेंबर. वेगमापक

कंटाळवाणा दिवस, पण टाळू नका. वेगमापकाचं तळाखालचं छोटं चक्र शेवाळाने अडकलेलं होतं. काढून साफ केलं. मग नकाशावर एक सागरी मैलाचं अंतर घेऊन इंजिनावर, एकाच गतीने, जाऊन-येऊन वेळ घेतली. जाताना ९ मिनिटं ५ सेकंद, येताना ११ मिनिटं २५ सेकंद. पाण्याला ओढ होती हे उघड आहे.

इथे घोळ होतो. दोन वेळांची सरासरी काढून वेग काढला तर ५.८५ नॉट येतात. बरोबर रीत म्हणजे आधी दोन वेग काढायचे, ६.६१ आणि ५.२६, आणि त्यांची सरासरी घ्यायची: ५.९३. प्रवाहाविरुद्ध बोट जास्त वेळ घालवते, म्हणून वेळांची सरासरी कमी वेग दाखवते. भरतीचा जोर बदलत असेल तर तीन फेऱ्या करा आणि मधल्या फेरीचा वेग दुप्पट धरून चाराने भागा.

यंत्र ५.४ दाखवत होतं. सुमारे दहा टक्के कमी. ही चूक घेऊन चाचणी केली असती तर पुढची सगळी वही रद्दी होती.

जीपीएस असताना हे कशाला, असं मेव्हण्याने विचारलं. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतं. बोट पाण्यातून किती पळते ते प्रवाहाच्या जागी जीपीएसवरून कळत नाही.

१६ नोव्हेंबर. वाऱ्याचं यंत्र

डोलकाठीच्या टोकावरचं यंत्र किंचित तिरकं बसलेलं निघालं. उजवा वारा घेऊन चढताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे तिरकं जाताना, वाऱ्याचा कोन २६ अंश दाखवत होतं, डावा घेऊन ३४. दोन्ही बाजूंना शिडं सारखी ओढलेली, बोट तितकीच वेगात. फरकाच्या निम्मं, म्हणजे ४ अंश, दुरुस्ती टाकली. लगेच परत दोन्ही बाजूंनी चढून पाहिलं; टॅक (वारा घ्यायची बाजू) बदलल्यावर खऱ्या वाऱ्याची (बोटीचा स्वतःचा वेग वजा केलेल्या) दिशा जागची हलली नाही तर समजा जमलं.

२१ नोव्हेंबर. वाऱ्यावर चढणं

खरा वारा १४ नॉट, लाट बेताची. याच आराखड्याच्या दुसऱ्या एका बोटीचा ओआरसी (शर्यतीसाठी बोटी मोजणारी संस्था) दाखला हाताशी आहे. त्यात प्रत्येक वाऱ्याला, प्रत्येक कोनाला अपेक्षित वेग छापलेला असतो. १४ नॉटला त्यात वाऱ्याशी ४० अंशांवर ६.९ नॉट आहेत, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने खरी प्रगती ५.३ नॉट.

आम्हाला मिळाले ४६ अंशांवर ६.२ नॉट. प्रगती ४.३.

दर तासाला एक मैल मागे! परतीच्या वाटेवर कोणी फारसं बोललं नाही.

२३ नोव्हेंबर. एकेक कारण

नियम ठरवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काल मेव्हण्याने जेनोआचा (पुढच्या मोठ्या शिडाचा) हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, ओढला आणि त्याच वेळी शीटचा (शीड आवरायच्या दोराचा) गाडा पुढे सरकवला. वेग वाढला, पण कशामुळे ते कळेना. अख्खी दुपार पुन्हा करावी लागली.

तळ घासून घेतला. हात लावला तर नुसता बुळबुळीत थर होता, नजरेला काही दिसतही नव्हतं. फरक पाव नॉटाचा. इतक्या स्वस्तात वेग दुसरीकडे मिळत नाही.

मागचा स्टे (डोलकाठी मागून धरणारी तार) ताणला. पुढचा स्टे वाऱ्याने पोटात गेल्यासारखा वाकत होता, त्यामुळे जेनोआ फुगीर होऊन बोट कोन धरत नव्हती. ताणल्यावर वाऱ्याकडे तीन अंश वर गेलो. हॅलियार्ड ओढल्यावर शिडाचा फुगवटा थोडा पुढे आला, पण थोडाच. डॅक्रॉनचं (कृत्रिम कापडाचं) शीड म्हातारं झालंय. फुगवटा मागच्या कडेकडे सरकलेला आहे आणि तो ओढून परत येत नाही.

आता ४३ अंशांवर ६.६ नॉट, प्रगती ४.८. राहिलेल्या अर्ध्या नॉटात शिडाचा वाटा आहे, वजनाचा आहे आणि प्रोपेलरचाही. प्रोपेलर तीन पात्यांचा, न मिटणारा आहे. शिडावर जाताना बोट तो नुसता ओढत नेते. दाखल्यातल्या बोटीला मिटणारा आहे. हे आधी वाचलं असतं तर २१ तारखेची संध्याकाळ एवढी सुतकी झाली नसती. दाखल्याची तुलना करण्याआधी त्यात कोणता प्रोपेलर, किती वजन, कोणती शिडं लिहिली आहेत ते बघाच.

२७ नोव्हेंबर. रीफ

वारा १८ ते २०. पूर्ण शिडं ठेवून चढलो. बोट २७ अंश कलली. सुकाण्याच्या चाकावर मधल्या जागी रंगीत टेप लावून ठेवली होती, त्यावरून सुकाणू सतत ८ अंश धरावं लागतंय हे कळलं. वेग ६.७.

मेनला (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाला) एक रीफ घेतला, म्हणजे शीड थोडं उतरवून लहान केलं. कल १९ अंशांवर आला, सुकाणू ४ वर. वेग ६.८.

परत रीफ सोडला, परत घेतला. आकडे तेच. मेव्हण्याला पटेना, म्हणून चाक त्याच्याकडे दिलं. त्यालाही ६.७ आणि ६.८.

कारण सरळ आहे. अशा रुंद, उथळ बोटी फार न कलता पळण्यासाठी बनवलेल्या असतात. जास्त कलल्या की पाण्यातला आकार वाकडा होतो, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे खेचते, आणि ती थोपवायला वळवलेलं सुकाणू ब्रेकसारखं काम करतं. आणि आत? २७ अंशांवर बायको शेगडीपाशी एका हाताने लटकत होती. १९ वर दोन्ही हात मोकळे होते.

३० नोव्हेंबर. धक्के मोजणं

'त्रास झाला', 'बरं वाटलं' हे वहीत लिहून उपयोग नाही, म्हणून फोनमधलं प्रवेगमापक वापरलं. पहिली नोंद वाया गेली: फोन गादीवर ठेवला होता आणि गादीनेच धक्के खाल्ले. दुसऱ्यांदा दुहेरी टेपने लाकडी भिंतीला चिकटवले. तीन फोन, तीन जागा, एकाच वेळी: पुढची केबिन, डोलकाठीचा पाया, मागची केबिन. एकच फोन घेऊन जागा बदलत बसलात तर तोवर समुद्र बदलतो.

बोट लागण्याबाबत १९७४ मध्ये ओ'हॅनलन आणि मॅकॉली यांनी केलेले प्रयोग अजून आधार मानले जातात. माणसाला सर्वांत जास्त त्रास सेकंदाला सुमारे ०.२ वेळा, म्हणजे पाच सेकंदांतून एकदा वरखाली होण्याचा होतो. आयएसओ २६३१ या मानकातही याच पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेलं आहे.

आता आजचं गणित. लाट सहा सेकंदांची. आम्ही साडेसहा नॉटने, लाटेला ४५ अंश तिरके, तिच्यावर चालून जात होतो. त्यामुळे लाट आम्हाला सहाऐवजी ४.८ सेकंदांनी भेटते. म्हणजे ०.२१. नेमकी उलटीची वेळ साधली! वेग पाचवर आणला तरी भेट पाच सेकंदांनी होते, ताल फारसा बदलत नाही. फक्त धक्क्यांची ताकद कमी होते. तीच लाट तिरकी मागून घेतली तर आठ सेकंदांवर जाते आणि माणसं गप्पा मारू लागतात.

पुढच्या केबिनमधला आकडा मागच्या केबिनच्या दुपटीहून जास्त आला. पुढची केबिन माहितीपत्रकात 'मालकाची' म्हणून मिरवते. नांगरावर असताना मिरवू दे.

नाळेचा तळ सपाट असल्याने दर काही लाटांनी धाडकन आपटते. वाऱ्यापासून पाच-सहा अंश खाली उतरलो की आपटणं जवळजवळ थांबतं, वेग वाढतो आणि प्रगतीत घट नाममात्र होते.

५ आणि ६ डिसेंबर. रात्र

खरी परीक्षा ही. तीन-तीन तासांच्या पाळ्या, वारा दोन्ही रात्री साधारण सारखा, बाजूच्या थोडा पुढून. पहिल्या रात्री मेव्हण्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण शिडं. दुसऱ्या रात्री संध्याकाळीच रीफ.

पहिली रात्र: पहिले चार तास सरासरी ७ नॉट, सगळे उत्साहात. मग कोणी झोपू शकेना. मध्यरात्रीनंतर शिडाकडे कोणी बघेना, वारा जरा सरकला तरी शीट कोणी सोडेना. उरलेले आठ तास ५.९ ने गेले. बारा तासांत ७५ मैल.

दुसरी रात्र: सरासरी साडेसहा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ७८ मैल. आणि प्रत्येकाने सलग दोन-अडीच तास झोप काढली.

दोन रात्रींचा समुद्र एकसारखा नसतो, तेव्हा तीन मैलांच्या फरकाचा डांगोरा पिटणार नाही. पण झोपलेली माणसं असलेली बोट निदान मागे पडली नाही, एवढं वहीत नक्की.

आतल्या तक्रारी, जशा आठवतील तशा: मागच्या केबिनचे बंक ऐसपैस आहेत, पण त्यांना लीक्लॉथ (कडेला बांधायचं आडकापड) नाही, त्यामुळे झोपलेला माणूस रात्रभर एका कडेवरून दुसऱ्या कडेला लोळतो. ऑटोपायलटचा दांडा त्याच बंकखाली कुईं-कुईं करतो. चांगली झोप एकाच जागी लागली, बैठकीच्या वाऱ्याआडच्या बाकावर, तेही मेव्हण्याची पिशवी कडेला अडकवून. पायऱ्यांपासून डोलकाठीपर्यंत छताला धरायला काहीच नाही. आतली रुंदी बंदरात छान दिसते, समुद्रात ती पडायला मोकळी जागा ठरते. शौचालयाचं दार बोट कलली की आपोआप उघडतं, यावर अधिक लिहीत नाही. स्वयंपाकाचा ओटा सरळ रेषेत आहे, पाठ टेकायला काही नाही. झुलती शेगडी मात्र उत्तम, एकदाही अडकली नाही.

१० डिसेंबर. पुढचं वजन मागे

पुढच्या बंकखाली २०० लिटरची टाकी आहे. ती मागे हलवल्यावर आपटणं कमी होईल असा आमचा दांडगा विश्वास होता. वेगवेगळ्या दिवशी तुलना नको, म्हणून एकाच फेरीत, एकाच लाटेत, अर्ध्या वाटेवर पंपाने पाणी पुढून मागच्या टाकीत घेतलं.

फोनच्या आकड्यात फरक जेमतेम, समुद्राच्या चढउतारात हरवून जाईल इतका. नंतर कागदावर मांडलं तेव्हा कारण कळलं: नऊ टनांच्या बोटीत २०० किलो हलवून वरखाली हेलकाव्याचं जडत्व तीनेक टक्क्यांनी बदलतं. नाळ मात्र चार-पाच सेंटीमीटर वर आली, डेकवर येणारं पाणी घटलं आणि सुकाणू हलकं लागलं. म्हणजे फायदा झाला, पण ज्याची अपेक्षा होती तो नव्हे. साखळीही ४० मीटर ठेवून पुढे जाड दोर जोडायचं ठरवलंय.

१३ डिसेंबर. मागचा वारा

वारा २० नॉट, लाट मागून. इथे बोटीने मन जिंकलं. लाटेवर बसली की १० नॉटच्या वर, सुकाणू दोन बोटांवर, आत कप जागचा हलत नाही. एक अडचण: एवढ्या वेगात बोटीवर जाणवणारा वारा दहा-बाराच असतो, त्यामुळे आपण शीड जास्त ठेवलंय हे वळून वाऱ्याकडे जाईपर्यंत कळत नाही. ऑटोपायलट मोठ्या लाटेला उशिरा जागा होतो. त्याची संवेदना वाढवल्यावर बरा चालला, पण बॅटरी भराभरा खाल्ली.

१७ डिसेंबर. मालकाशी बोलणं

घ्यायची ठरली. मालकाला वही दाखवली. वेगमापकाचा दहा टक्क्यांचा फरक त्याला माहीतच नव्हता. इतकी वर्षं बोट मंद आहे म्हणून तोच कुरकुरत होता. जुना जेनोआ आणि प्रोपेलर यांचा खर्च किमतीत धरायला तो तयार झाला. स्थिरतेचा आलेखही शेवटी मिळाला. त्यात वजन मात्र ७,६०० किलोच धरलंय, म्हणून भरलेल्या बोटीचा वेगळा मागवलाय.

कामांचा क्रम: आधी चारही बंकांना लीक्लॉथ आणि छताला धरायचा दांडा, मग मिटणारा प्रोपेलर, जेनोआ सगळ्यात शेवटी. मेव्हण्याचा क्रम बरोबर उलटा होता. मतदान झालं, तो एकटा पडला. सुकाण्याच्या बेअरिंगमध्ये थोडा खुळखुळा लागतोय, तो बोट पाण्याबाहेर काढल्यावर बघायचा. तोवर तळ परत घासायला लागेलच.